साठ छरे आणि बाटलीतली हवा



मागच्या खेपेला फवारणी पंपाच्या वायसराबद्दल लिहिले, त्यावर बरीच पत्रे आली. त्यातले एक वेगळेच होते. एका बापाने लिहिले आहे की, पोरगा तालुक्याला नेमबाजी शिकतो, शाळेच्या बंदुकीत हवा भरावी लागते आणि ती भरायला दर खेपेला जिल्ह्याला जावे लागते. येण्याजाण्यात दिवस मोडतो. तर ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरतो त्या कॉम्प्रेसरवर काम भागेल काय?

पत्र वाचून मला हसू आले नाही. हाच प्रश्न एकदा मलाही पडला होता, आणि त्याचे याहून वाईट उत्तर मी स्वतःच शोधून काढले होते. ते सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच येईल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव साखर वाटली गेली. त्याची बंदूक काडतुसाची, पन्नास मीटरवरची. पण बहुतेक पोरे सुरुवात करतात ती हवेच्या बंदुकीवर, दहा मीटरवर. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक घेतले ते हवेच्याच रायफलीवर, आणि आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जगज्जेतेपद मिळवले तेही त्याच प्रकारात. माझ्या धाकट्या भावाची पोरगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा अकरावीला होती. ती आधीपासूनच शिकत होती. पण त्या ऑगस्टनंतर घरात तिला कोणी "पोरीच्या जातीला बंदूक कशाला" असे म्हणेनासे झाले, एवढा फरक नक्की पडला.

आता ही बंदूक म्हणजे जत्रेत फुगे फोडायची बंदूक नव्हे. जत्रेतली बंदूक मधे मोडून स्प्रिंग ताणायची असते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छरा सुटतो. पण छरा नळीतून बाहेर पडायच्या आधीच त्या स्प्रिंगच्या धक्क्याने बंदूक हलते. फुगा फोडायला तेवढे चालते. इथे मात्र दहा मीटरवरच्या कागदाचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. खसखशीचा दाणासुद्धा त्याहून मोठा. म्हणून स्पर्धेच्या रायफलीत नळीखाली हवेची एक लांबट बाटली बसवलेली असते. बाटलीत दाबलेली हवा आधीच तयार असते. दर छऱ्याला त्यातली थोडी, अगदी मोजून तेवढीच बाहेर पडते. धक्का जवळजवळ नाहीच, आणि पहिल्या छऱ्याला जेवढा जोर तेवढाच साठाव्याला.

कल्पना नवी नाही बरे का. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास हवेच्या बंदुका वापरल्या होत्या. त्यांचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती टाकी हातपंपाने भरायला सुमारे दीड हजार वेळा दट्ट्या मारावा लागे. लढाई राहिली बाजूला, शिपाई तिथेच बसायचा. हवा भरण्याची कटकट तेव्हापासूनची आहे.

तर दाब किती, ते आधी ध्यानात घ्या. मोटारसायकलच्या चाकात आपण तीस पॉइंट हवा भरतो. पाठीवरच्या फवारणी पंपात दोन-तीन किलो दाब असतो. द्राक्ष-डाळिंबवाल्यांचा एचटीपी पंप वीस ते चाळीस किलोवर जातो, आणि त्याची नळी फुटली तर काय होते ते ज्याने पाहिले त्याला विचारा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा किलोवर थांबतो. रायफलीच्या बाटलीत भरतात ती हवा दोनशे बार, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या वर. पॉइंटात सांगायचे तर सुमारे २९००. अंगठ्याच्या नखावर दोन क्विंटलांची पोती ठेवल्यासारखे.

म्हणजे पत्र लिहिणाऱ्या भाऊंना सरळ उत्तर हे, की ट्रॅक्टरवाल्या कॉम्प्रेसरवर भागणार नाही. रायफलीला निदान सत्तर बार तरी लागतात, आणि तो कॉम्प्रेसर दहावर धापा टाकतो. शिवाय त्याच्या हवेत तेलाचा अंश असतो, पाणी असते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडून पाहा, तांब्याभर पाणी निघते. ते पाणी रायफलीत गेले तर आतून गंज धरतो.

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीनंतर पुतणीची विभागाची स्पर्धा लागली. रायफल क्लबची होती, चार मुलींत एक. आठ दिवस सरावाला म्हणून ती घरी आणायची परवानगी मिळाली होती. माडीवर दहा मीटर जागा होते, भिंतीला जुनी लाकडी पेटी आणि मागे पत्रा लावून कागद टांगला होता. स्पर्धेच्या आदल्या दुपारी तिने बाटलीवरचा काटा पाहिला. नव्वद.

"आबा, हवा पुरणार न्हाई."

तिच्याजवळ एक वही आहे. तीत रोजचे छरे आणि काट्याचा आकडा लिहिलेला असतो, दूध डेअरीच्या वहीसारखा. दोनशेपासून सत्तरपर्यंत काटा उतरेतो त्या रायफलीतून साडेतीनशे छरे जातात, असा तिचा हिशेब. म्हणजे एका बारला अडीच-पावणेतीन छरे. नव्वदवरून सत्तर म्हणजे वीस बार, म्हणजे पन्नास-चोपन्न छरे. स्पर्धेत साठ मोजायचे, आणि त्याआधी नेम बसवायला पंधरा-वीस वेगळे. शेवटच्या छऱ्यांना जोर कमी पडणार, कागदावर ते खाली लागणार. आणि क्लब अडतीस किलोमीटरवर, त्या दिवशी बंद.

अशा वेळी घरातला मोठा माणूस काहीतरी अक्कल चालवतोच. मीही चालवली. गावात नाक्यावर वेल्डिंगचे दुकान आहे. तिथे ऑक्सिजनची काळी बाटली उभी असते, आणि नव्या बाटलीवर काटा दीडशेच्या आसपास दिसतो, हे मला ठाऊक होते. मनात म्हटले, ऑक्सिजन म्हणजे हवाच की. उलट चांगली हवा. लेथवाल्याकडून मधला एक जोड कातून घेतला की काम झाले. रायफलीची बाटली उपरण्यात गुंडाळली आणि गेलो.

मिस्त्री म्हातारा माणूस. माझे सगळे ऐकून घेतले, हातातला चष्मा खाली ठेवला आणि म्हणाला, "आबा, इतक्या वर्षांत मला ह्या बाटलीच्या नळाला कधी तेल लावताना बघितलंय का?"

"नाही."

"ग्रीसच्या हातानं हिला शिवताना?"

"नाही."

"मग ती बंदूक आतनं कोरडी हाय का तेलकट हाय, सांगा बरं. पोरीचं तोंड कुठं असतं, त्या बाटलीपासनं किती लांब?"

मी गप्प बसलो. रायफल गालाला लावून धरतात, बाटली तोंडापासून हातभर अंतरावर.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटवायला त्याच्यासारखा कोणी नाही. साध्या हवेत त्याचा भाग पाचवा. निव्वळ ऑक्सिजन दीडशे बारने अरुंद वाटेतून घुसला की वाट तापते, आणि तिथे तेलाचा, ग्रीसचा, रबराचा एवढासा अंश असला तरी तो भडकतो. मग नुसते रबर जळून थांबत नाही, ॲल्युमिनियमची बाटलीसुद्धा पेट घेऊ शकते. मिस्त्रीने मला हे असे सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, "मी देनार न्हाई, आनि दुसऱ्यानं दिली तर मला येऊन सांगा, त्याच्या दुकानावर जातो." मग चहा पाजला. त्या चहाची चव आजही तोंडात आहे. तेवढ्या वेळात मला पुरता घाम फुटला होता.

रात्री फोनाफोनी झाली. स्पर्धेच्या ठिकाणी भरायची टाकी असते, असे कळले. पहाटेच्या एसटीने निघालो.

आता ही टाकी म्हणजे काय, ते सांगतो. मालवण-तारकर्लीला समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवर बघितली असेल, किंवा धुरात शिरणाऱ्या अग्निशमनवाल्यांच्या पाठीवर, तीच जात. जाड पोलादाची, दहा-बारा लिटरची. ती भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो. तो हवा तीन-चार टप्प्यांत दाबतो, प्रत्येक टप्प्याला थंड करतो, पाणी आणि तेल गाळून काढतो. असा कॉम्प्रेसर गावात कुठला असणार? म्हणून टाकी एकदा भरून आणायची आणि तिच्यातून रायफलीच्या बाटल्या भरायच्या.

टाकीतून बाटलीत हवा जाते ती माचाणावरच्या टाकीतून हौदात पाणी जावे तशी. ढकलायला कोणी लागत नाही, वरचे पाणी खालच्याकडे धावते. पण दोन्हीकडची पातळी एक झाली की थांबते. टाकीत दोनशे आणि बाटलीत शंभर असेल, तर जोड उघडल्यावर दोन्हींत एकशे अठ्ठ्याण्णव होतात, कारण टाकी दहा लिटरची आणि बाटली जेमतेम पावशेराची. पुढच्या वेळी आणखी थोडे कमी. अशा तीस-पस्तीस वेळा भरल्या की टाकी दीडशेवर येते. मग तिच्यातून दीडशेच्या वर कोणालाच मिळत नाही, टाकीत कितीही हवा उरलेली असो. पुष्कळ जण इथे चिडतात. टाकी पाऊण भरलेली आणि बंदूक का भरत नाही म्हणतात. पण पातळीच्या वर पाणी चढत नाही, तसेच हे. ज्यांच्याकडे दोन टाक्या असतात ते शहाणे लोक आधी कमी दाबाच्या टाकीने भरून घेतात आणि वरचे थोडेसे तेवढे दुसऱ्या टाकीतून घेतात. भरलेली टाकी त्यामुळे दुपटीने टिकते.

आम्ही पोचलो तेव्हा टाकीपुढे रांग होती. भरणारे गुरुजी सावकाश काम करत होते आणि मागचे कुरकुरत होते. सावकाश का, ते मी विचारून घेतले. नळ एकदम उघडला तर बाटली तापते. तापल्या हवेचा दाब फुगलेला असतो. काटा दोनशे दाखवतो, पोर खूश होऊन जाते आणि बाटली निवली की काटा एकशे ऐंशीवर बसतो. हळू भरली तर तापत नाही, आणि आतल्या रबराच्या कड्यांनाही मार बसत नाही.

आमचा नंबर आला तेव्हा टाकीचा काटा एकशेतीसवर आला होता. आमच्या पुढचे एक गृहस्थ फार संतापले. त्यांना दोनशेच हवे होते. ते म्हणाले, एवढ्या लांबून आलो, अर्धी बाटली घेऊन काय करू? मलाही वाईट वाटले. मी पुतणीकडे पाहिले, तर ती वही उघडून उभी.

"आबा, एकशेतीस पुष्कळ झालं. सत्तर वजा करा. साठ बार. दीडशेच्या वर छरे."

तिने बाटली जोडली. जोडाआधी तोंडाजवळची धूळ पुसली, आपला जोड स्वतःच्या पेटीतून काढला, कारण दर कंपनीचा आटा वेगळा. हाताने घट्ट केला, पान्याने नाही. गुरुजींनी टाकीचा नळ हळूहळू उघडला. काटे सारखे झाले, नळ बंद केला. आणि इथे माझ्या हातून दुसरा मूर्खपणा होणार होता. जोड निघेना म्हणून मी पाना उचलला. गुरुजींनी माझे मनगट धरले.

नळ बंद केला तरी टाकी आणि बाटली यांच्या मधल्या नळीत एकशेतीस बार हवा अडकलेली असते. तीच आट्याला घट्ट धरून ठेवते. आधी बाजूचा बारीक स्क्रू ढिला करून ती फुस्सदिशी सोडून द्यायची, मग जोड दोन बोटांनी सुटतो. हाताने सुटत नसेल तर आत दाब आहे असे समजायचे. पान्याने जोर लावून सोडला तर ती पितळी वस्तू कोणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही. भरताना तोंड नळीच्या रेषेत कधी धरू नये. पुतणीला हे ठाऊक होते. मला नव्हते, आणि वयाने मोठा म्हणून पाना माझ्या हाती होता.

तिने सव्वा तासात साठ छरे मारले. पाचवी आली. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होते. संपल्यावर काटा पाहिला, शंभर. एसटीत तिने वहीत तो आकडा लिहिला आणि झोपली.

भाऊंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत, त्या थोडक्यात सांगतो. घरी हातपंपाने भरता येते का? येते, तसले तीन टप्प्यांचे उभे पंप मिळतात. पण घाम फार निघतो, आणि आपल्या दमट हवेत पंपाबरोबर पाणीही आत जाते. मधे थांबून पंप निवू द्यावा, आणि पाणी शोषणारी गाळणी असलेलाच पंप घ्यावा. बाटली पूर्ण रिकामी करून ठेवावी का? नाही. थोडा दाब राहू द्यावा, म्हणजे आतला वॉल्व्ह बसलेला राहतो आणि ओल शिरत नाही. गळते का ते पाहायला साबणाचे पाणी लावा, गॅसच्या नळीला लावतो तसे. रबराच्या कडीला खोबरेल, इंजिन ऑइल, हाताला येईल ते लावू नका. सिलिकॉनचे ग्रीस लागते, तेही बोटाला चिकटेल एवढेच. बाटली उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका.

टाकी कोणाकडून जुनी स्वस्तात मिळत असेल, तर तिच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. असल्या टाक्यांची ठराविक वर्षांनी पाण्याच्या दाबाने परीक्षा करावी लागते, आणि परीक्षेची तारीख पोलादावर ठोकतात. आपल्या देशात या टाक्यांचा कायदा बघणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तिची मुख्य कचेरी आपल्या नागपुरातच आहे. तारीख उलटलेली टाकी जाणता माणूस भरत नाही. भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. वरून रंग नवा दिला असेल तर आणखी संशय धरा. आकडे रंगाखाली बुजवलेले असतात.

आणि एक, विचारले नाही तरी सांगतो. घरात हवेची बंदूक आली की शेजारचा कोणीतरी म्हणतोच, जरा मक्यावरचे पोपट उडवा की. तसे करू नका. पोपट, मोर, वानर यांच्यावर ती चालवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. स्वतःची बंदूक घ्यायची झाली तर जोराच्या बंदुकांना परवाना लागतो, तेव्हा आधी ठाण्यात विचारून घ्या. शाळेची किंवा क्लबची आहे तोवर तो घोर नाही.

रायफलीच्या बाटलीलाही मुदत असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची देतात, आणि तारीख बाटलीवरच असते. मोठ्या स्पर्धेत मुदत संपलेली बाटली चालत नाही, आणि ती बघायची जबाबदारी खेळणाऱ्याची असते. आमच्या पुतणीच्या हातातल्या बाटलीची मुदत पुढच्या वर्षी संपते. क्लब नवी घेईल असे म्हणतात. धाकट्या भावाने तरीही दुधाच्या पैशांतून वेगळे काढायला सुरुवात केली आहे, वहिनीला न सांगता. ती हे सदर वाचते, म्हणून आता तिलाही कळेल.

पत्रवाल्या भाऊंनी शाळेच्या बाटलीवरची तारीख बघून मला जरूर कळवावी.